वाचकांचे प्रश्न : आर्मेनियन आणि इटालियन

प्रश्न : अमेरिकेतील आर्मेनियन व इटालियन वंशाच्या लोकांपैकी आर्थिकदृष्ट्या अधिक सुस्थितीत कोण? (एक वाचक, धंतोली, नागपूर)

उत्तर : निव्वळ सरासरीवरून हा निवाडा करणे योग्य नाही, कारण दोन्ही समाज वेगवेगळ्या काळात तेथे पोहोचले. १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन आले. त्यांत दक्षिणेकडील शेतमजूर व अल्पभूधारकच अधिक, आणि त्यांना खोदकामावर लावणारा ‘पाद्रोने’ म्हणजे मजुरीतून आपला वाटा कापून घेणारा मुकादमच. त्यांची पतवंडे आज मध्यमवर्गात पुरती मुरली आहेत.

आर्मेनियनांचे तसे नाही. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे १८८१ पासून स्थिरावलेल्यांनी द्राक्षबागा उभ्या केल्या, वेलींच्या ओळींमध्ये जमिनीवर ट्रे मांडून बेदाणे वाळवले. तरीही (आणि हे संत्र्यावर श्रीमंत झालेल्या आपल्या नागपूरकरांनी मुद्दाम वाचावे) शहरातील कित्येक घरांच्या खरेदीखतांत त्यांना घर विकू नये अशी अट असे. १९१५ मध्ये ऑटोमन तुर्की साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या संहारातून वाचलेले बहुधा रिकाम्या हाताने आले. पुढे १९७० नंतर लेबनॉन, इराण व सोव्हिएत आर्मेनियातून लॉस एंजलिसजवळच्या ग्लेंडेल परिसरात आलेल्यांत सधन व्यापारीही होते आणि नव्याने भाषा शिकणारे निर्वासितही. त्यामुळे चौथ्या पिढीच्या इटालियनाशी कालच्या आर्मेनियनाची तुलना मला तरी अन्यायाची वाटते.