हिरवी पाटी हातात आलीय, तर हे ऐक

भावा, कंपनीने हिरव्या नंबरपाटीवर पिवळे आकडे असलेली, म्हणजे इलेक्ट्रिक डिलिव्हरी गाडी दिली म्हणून तोंड पाडू नकोस. मीही आधी नाक मुरडलं होतं. डिझेलवर टाकी भरली की डोकं मोकळं. इथे सगळा जीव बॅटरीच्या टक्क्यांत.

कागदावरची रेंज, म्हणजे एका चार्जवर किती किलोमीटर जाते तो आकडा, धरून रूट घेऊ नकोस. ती चाचणीतली असते. परवा माल भरून कात्रजचा जुना घाट चढलो, वर पोचेपर्यंत 46 टक्क्यांचे 35 झाले. उतारावर पाय काढला की थोडं परत येतं, पण चढाला गेलेलं सगळं नाही.

सकाळी गाडी ताब्यात घेताना मीटरचा फोटो काढ, किलोमीटर आणि टक्के दोन्ही दिसले पाहिजेत. रात्री कुणी प्लग नीट लावला नाही तरी सुपरवायझर तुलाच धरतो, माझ्या बाबतीत झालंय. आणि पहिल्याच दिवशी विचार, चार्जिंगला उभा राहिलेला वेळ ड्युटीत धरणार का? पार्सलमागे पैसे असतील तर तो तास तुझ्या खिशातून जातो.

गुडघ्यांचं मात्र भलं झालं. लक्ष्मी रोडच्या गर्दीत क्लच दाबायचा नाही!