'फॉरेस्ट' म्हटलं म्हणजे झाडी असलीच पाहिजे असं नाही

इंग्लंडातल्या डार्टमूरच्या उघड्याबोडक्या माळाला 'फॉरेस्ट' का म्हणतात, आणि सिल्वा, नेमुस, बॉस्कुस, फोरेस्टा हे रानासाठीचे लॅटिन शब्द सगळे एकच का, असं तुम्ही विचारलंय. एकच नाहीत. त्यातला फोरेस्टा तर सरळसरळ कायद्याचा शब्द आहे.

तो पहिल्यांदा दिसतो सातव्या शतकात, फ्रँकिश राजा तिसरा सिगेबर्ट याच्या सनदेत, आजच्या बेल्जियमकडच्या आर्डेन्सच्या रानाबद्दल. बहुतेक अभ्यासक त्याचा संबंध लॅटिन 'फोरिस', म्हणजे 'बाहेर', याच्याशी लावतात. सामान्य वहिवाटीच्या बाहेर काढून राजाने स्वतःसाठी राखलेली जमीन. तिथे शिकार राजाची, मग झाडं असोत, माळ असो की दलदल. नॉर्मनांनी हा कायदा इंग्लंडात नेला. दक्षिण इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्टचा कितीतरी भाग आजही नुसतं खुरट्या झुडपांचं रान आहे, आणि डार्टमूरचं कोडंही इथेच सुटतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर 'वन' लागलेल्या उजाड टेकड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरी झाडी हवी असेल तर सिल्वा शोधा. 1086 च्या डूम्सडे नोंदींत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-पाहणीत, विशेषतः एसेक्स-नॉरफोकच्या पानांवर, रान मोजलंय ते डुकरांत: अमुक डुकरांपुरतं रान. ओकची फळं खायला डुकरं सोडत, म्हणून हे माप. 'सिल्वा मिनुता' म्हणजे पुन्हापुन्हा तोडून फुटवे घेतलेली बुटकी झाडी. ट्रान्सिल्वेनिया म्हणजे 'रानापलीकडचा मुलूख'. त्याचं हंगेरियन नाव एर्देय हेही तेच सांगतं. बोर्डोजवळच्या ला सोव्ह-माजरमध्ये 'सिल्वा मायोर', मोठं रान, ओळखूही येत नाही इतकं झिजलंय.

नेमुस नावांत फारसा उरला नाही. पॅरिसच्या दक्षिणेचं नेमूर हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

बॉस्कुस मुळात जर्मानिक, लॅटिनने उचललेला. फ्रेंच 'ब्वा', इटालियन 'बोस्को' त्यातलेच. नेदरलँड्समधल्या सेर्टोखेनबॉस शहराचं नाव म्हणजे 'ड्यूकचं रान', फ्रेंचमध्ये ब्वा-ल-द्यूक. चित्रकार हिएरोनिमस बॉसचं घराण्याचं नाव व्हान आकेन. चित्रांवर सही मात्र गावच्या नावाची.

तुमच्या यादीत नसलेला, पण माझा लाडका शब्द ब्रोगिलुस. गॉलिश, म्हणजे फ्रान्सच्या जुन्या केल्टिक भाषेतल्या, मुळाचा, कुंपण घातलेल्या राईसाठी किंवा पाणथळ कुरणासाठी वापरला जाई. कोलोनजवळचं ब्र्यूल, फ्रान्समधली ब्रय नावाची ढीगभर गावं, सगळी त्याचीच. नकाशावर यांतलं एखादं दिसलं तर आधी ओढा कुठे आहे ते बघा.