पहिल्याच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या १९ वर्षांच्या मुलाला तुरुंगाऐवजी सुधारण्याची संधी मिळू शकते का?

होय, १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमानुसार अशी संधी मिळू शकते (परिवीक्षा म्हणजे दोषीला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर मोकळे सोडणे). गुन्ह्याला जन्मठेपेची तरतूद नसेल आणि दोषी २१ वर्षांखालील असेल, तर कलम ६ प्रमाणे न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घ्यावा लागतो, आणि तरीही कैदच सुनावायची झाल्यास त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. हे वय गुन्ह्याच्या नव्हे, तर दोषी ठरवल्याच्या दिवशीचे धरले जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. माझ्या मते सारे काही त्या अहवालावर अवलंबून असते: अधिकारी मुलाची वागणूक आणि घरची परिस्थिती यांची चौकशी करतो, तेव्हा शाळेचे दाखले, कामाच्या ठिकाणचे पत्र, घरात लक्ष ठेवणारे वडीलधारे माणूस, हे सारे त्याच्यासमोर प्रामाणिकपणे मांडावे. न्यायालयाने मान्य केल्यास मुलाला जास्तीत जास्त ३ वर्षांचे चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र (लेखी हमी) द्यावे लागते. या काळात अट मोडल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. मात्र अमली पदार्थविरोधी कायद्याखालील बहुतेक गुन्ह्यांत १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना ही सवलत मिळत नाही.