पाणी कुठे दडलंय ते आधी शोधा
वाचकांचे प्रश्न : घरगुती वनौषधी

प्रश्न : ताजी जास्वंद आणि माका बरणीत गच्च भरून वर खोबरेल ओतलं आणि बरणी पंधरा दिवस उन्हात ठेवली. आता तळाशी गढूळ पाणी दिसतंय, आंबूस वास येतोय आणि वर पांढरे ठिपके आलेत. ठिपके काढून उरलेलं तेल वापरलं तर चालेल का?

नाही. सगळंच टाकून द्या आणि बरणी साबणाच्या गरम पाण्यानं धुऊन कडकडीत वाळवा. ताज्या पाकळीचं आणि पानाचं बहुतेक वजन पाण्याचंच असतं. ते हळूहळू सुटतं, तेलापेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि तिथे जंतूंचं फावतं. वर तेलाबाहेर डोकावणाऱ्या पाकळीवर बुरशी धरते. उन्हानं तर दुहेरी नुकसान केलं. बरणीच्या आत वाफ धरली आणि तेल खवट व्हायला लागलं.

दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग सुक्या मालाचा. कुरकुरीत वाळलेली फुलं किंवा पानं २० ग्रॅम आणि तेल १०० मिलिलिटर घ्या. भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरून दोन ते तीन तास मंद गरम ठेवा, मग सुक्या मलमलीतून गाळा. यात बिघडण्यासारखं फारसं नसतं, फक्त खालच्या पातेल्याची वाफ तेलात जाणार नाही एवढं सांभाळा.

ताजाच माल वापरायचा असेल तर तेल कढवून सिद्ध करावं लागतं. त्याचं जुनं प्रमाण असं : कल्क एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. म्हणजे जास्वंदीचा वाटलेला गोळा ५० ग्रॅम, तेल २०० मिलिलिटर, माक्याचा रस किंवा काढा ८०० मिलिलिटर. भांडं जाड बुडाचं आणि निम्मं रिकामं राहील एवढं मोठं घ्या, कारण हे मिश्रण फेसाळून उतू जातं. आच मंद ठेवा. तीन-चार तास सहज लागतात.

जोवर आत पाणी आहे, तोवर मिश्रण शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. पाणी संपलं की तापमान भराभर चढतं. म्हणून पहिले काही तास अधूनमधून ढवळलं तरी भागतं, शेवटची पंधरा मिनिटं मात्र भांड्यापासून हलायचं नाही. अगदी घाईचं काम असलं तरी. उकळीचे मोठे बुडबुडे बसतात, आवाज थांबतो आणि तेलावर बारीक फेस येतो. तेव्हा कल्काचा कण काढून निवू द्या आणि बोटांत वळा. बोटांना चिकटला तर अजून वेळ आहे. त्याची वात वळली गेली की ती चिमट्यात धरून, तेलापासून लांब, ज्योतीवर न्या. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. तडतड न होता जळली तर लगेच आच बंद करा. कल्क काळा पडून भुगा व्हायला लागला आणि करपल्याचा वास आला, तर पाक दग्ध झाला, म्हणजे जळला. ते तेल वाया गेलं.

कोमट असताना गाळा. शेवटचा गाळ पिळू नका, उरलासुरला ओलावा त्यातूनच उतरतो. बाटली सुकी हवी आणि तिच्यात ओला हात किंवा चमचा जाता कामा नये. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घालतात त्यानं खवटपणा लांबतो, बुरशी थांबत नाही.

राहता राहिला परिणाम. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. जास्वंदीनं नवे केस उगवतात, हे मात्र छातीठोक सांगण्याइतका पुरावा नाही.

प्रश्न : पुदिना आणि तुळस सावलीत वाळवून बरणीत भरली होती. एका बरणीतला वास दोन महिन्यांत गेला, दुसरीत पानांवर पांढरट जाळी दिसते. दोन्हीकडे एकच चूक झाली का?

नाही, दोन वेगळ्या. जाळीची बरणी आधी टाका. तिथे पानं वरून वाळली होती, डेठ ओले होते. पानाचं पातं पातळ, ते लवकर वाळतं. डेठ आणि मधली शीर मागे राहते. बरणी बंद झाली की डेठातला ओलावा पात्यात परत पसरतो आणि काल चुरचुरणारं पान आज मऊ लागतं.

पान चुरगळून बघण्यात अर्थ नाही, डेठ मोडून बघा. तो कट्‌कन तुटायला हवा, नुसता वाकला तर अजून एक-दोन दिवस ठेवा. भरल्यावर बरणी घट्ट लावून २४ तास तशीच ठेवा. काचेला आतून धुकं धरलं तर माल परत पसरा. वाळवताना थर एकेरी हवा, खाली चाळणी किंवा जाळी असली की हवा दोन्हीकडून खेळते. यंत्रात वाळवत असाल तर तापमान ३५ ते ४० अंश ठेवा.

वासाची गोष्ट निराळी. तो उडनशील तेलाचा असतो, आणि ऊब, उजेड, हवा ही तिन्ही त्याच्या मुळावर. पानं चुरून भरली की तेलाच्या बारीक पिशव्या फुटतात आणि वास लवकर उडून जातो. सबंध पानं भरा, वापरताना चुरा. बरणी शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नका. नीट ठेवलेली पानं वर्षभर टिकतात, मुळं आणि साली त्याहून जास्त.

प्रश्न : मेण आणि सिद्ध तेलाचं मलम कधी दगडासारखं होतं, कधी पातळ. झाकणाला आतून थेंबही धरतात.

प्रमाण वजनानं घ्या, चमच्यानं नको. १०० ग्रॅम तेलाला २० ग्रॅम मधमाशीचं मेण पुरतं, ओठांच्या कांडीला २५. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. त्यात गार तेल ओतलं तर मेणाच्या कपच्या धरतात, म्हणून तेलही कोमट करून घाला. ओतण्याआधी एक थेंब गार चमच्यावर घ्या आणि दोन मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. कडक वाटलं तर तेल वाढवा, सैल वाटलं तर मेण.

झाकणाचे थेंब म्हणजे गरम मलमावर लावलेलं झाकण. पूर्ण निवेपर्यंत डबी उघडी राहू द्या, वर कागद टाका. पुष्कळ जण याच मलमात कोरफडीचा गर किंवा गुलाबपाणी ढवळतात. ते दोन दिवसांत वेगळं होतं आणि आठवड्याभरात तिथे बुरशी येते. पाणी आणि तेल बांधून ठेवायला इमल्सिफायर लागतो आणि पाणी आलं की परिरक्षकही (प्रिझर्व्हेटिव्ह). मेण एकट्यानं यातलं कुठलंच काम करत नाही.

सुगंधी तेल घालायचंच असेल तर एक टक्का पुरे, म्हणजे १०० ग्रॅमला १ ग्रॅम, साधारण २० ते ३० थेंब. आणि भांडं गरम असतानाच कागदानं पुसा, मेण मोरीत गेलं की पाइप तुंबतो.

प्रश्न : केसांसाठी जवसाचं जेल करते, पण ते गाळलंच जात नाही.

गार झाल्यावर गाळत असाल. एक भाग जवस आणि सात-आठ भाग पाणी ढवळत उकळा. चमच्यावरून कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की आच बंद करून लगेच गाळा. पाच मिनिटं थांबलात तरी ते दाट होऊन कापडात अडकतं. फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवा, त्यापुढे नको.

प्रश्न : दारातल्या कोरफडीचा गर लावला की खाज सुटते. विकतच्या जेलनं मात्र काहीच होत नाही.

सालीच्या लगेच खाली पिवळा, कडू चीक असतो. खाज बहुधा त्याचीच. पान बुंध्याजवळ कापा, कापलेली बाजू खाली करून ग्लासात पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवा, चीक गळून जाऊ द्या. मग दोन्ही काटेरी कडा उतरवा, साल जाडसर काढा आणि गराचा तुकडा वाहत्या पाण्याखाली धुवा. तुकड्यावर पिवळी छटा उरली असेल तर अजून खरवडा. पोटात घ्यायचा विचार असेल तर हा चीक आणखी महत्त्वाचा, तो जोरदार रेचक आहे.

इतकं करूनही खाज आली तर कोरफड तुम्हाला सोसत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून ४८ तास बघा आणि लाली आली तर नाद सोडा. चांगला गर फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस राहतो. जास्त असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवा. खोल जखमेवर लावू नका.

प्रश्न : खोकल्यासाठी आलं, ज्येष्ठमध, गुळवेल आणि तुळस एकत्र टाकून अर्धा तास उकळतो. दोन महिने रोज घेतोय. रक्तदाबाची गोळी चालू आहे, अडचण नाही ना?

अडचण आहे, आणि ती कृतीपेक्षा घटकांत आहे. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम दोन्हीकडून घटतं, आणि त्याचा ताण हृदयाच्या ठोक्यांवर येतो. तुम्ही ज्येष्ठमध आजच थांबवा. आठवडाभर रक्तदाब मोजून लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दोन महिन्यांचं खरं काय ते सांगा. गोळी मनानं कमी-जास्त करू नका.

गुळवेलही थांबवा. ती रोज घेतल्यावर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, अन्नावरची वासना जाणं यातलं काही असेल तर यकृताची तपासणी करून घ्या. शिवाय दोन महिने टिकलेला खोकला काढ्यानं दाबायचा नसतो, छाती तपासून घ्यायची असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीच कोरडा खोकला येतो, तेही डॉक्टरांना विचारा.

आता कृती. मूळ, साल, खोड उकळायचं. पान, फूल भिजवायचं. सगळं एकत्र उकळलं की तुळशीचा वास घरभर जातो आणि कपात कडवटपणा उरतो. कठीण द्रव्य भरड कुटून १० ग्रॅम घ्या, पाणी १६० मिलिलिटर, आणि उघड्या भांड्यात मंद आचेवर ४० मिलिलिटर होईपर्यंत आटवा. बारीक पूड नको, ती तळाला लागते आणि गाळणीतून उतरते. आच बंद केल्यावर पानं टाका आणि झाकण ठेवून पाच ते दहा मिनिटं थांबा. झाकणाच्या आत जमलेले थेंब कपातच झटका, सुगंधी तेल त्यातच असतं. सकाळचा काढा रात्रीपर्यंत संपवा.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असणाऱ्यांनी आलं, लसूण, हळद यांच्या गोळ्या किंवा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. स्वयंपाकात पडतं तेवढं चालतं.

प्रश्न : मान काळवंडली आहे. लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळला तर उजळेल का?

उलट जास्त काळी पडेल. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हात त्वचा भाजतात. एक-दोन दिवसांनी लाली, फोड येतात आणि मग महिनोन्महिने डाग राहतो. सोडा अल्कधर्मी आहे, त्वचा किंचित आम्लधर्मी. घासल्यानं वरचा थर निघतो एवढंच.

मानेची त्वचा काळी, जाडसर आणि मखमलीसारखी लागत असेल तर तो मळ नाही. अशी मान पुष्कळदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. लेपाआधी रक्तातली साखर तपासा.

प्रश्न : दीड वर्षाच्या बाळाचं नाक चोंदतं. तेलात कापूर विरघळवून छातीला आणि नाकाखाली लावू का? वाफही देते.

दोन्ही नको. कापूर त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातो आणि लहान मुलांना तो विषारी ठरतो. पुदिन्याचं सत्त्व, निलगिरीचं तेल हेही या वयात नाकाजवळ नेऊ नका. वाफेच्या भांड्यानं मुलं भाजतात, सांडायला एक लाथ पुरते.

मिठाच्या पाण्याचे, म्हणजे औषधाच्या दुकानातल्या सलाईनचे, थेंब नाकात घाला. दूध किंवा पाणी वरचेवर पाजा, बाळाला उभं धरा. मध एक वर्षाखालच्या बाळाला बोटभरही चाटवायचा नाही, त्यातल्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. तुमचं बाळ त्यापुढचं आहे, रात्री अर्धा चमचा चालेल. छाती आत ओढली जात असेल, श्वास भरभर चालत असेल किंवा बाळ पीत नसेल तर घरी थांबू नका.

आणि कापराची डबी वर उचलून ठेवा. वडी गोडासारखी दिसते, आणि थोडासा कापूर पोटात गेला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. तसं झालंच तर उलटी करवू नका, दूध पाजत बसू नका. डबी सोबत घेऊन थेट रुग्णालयात जा.