30 लिटरचा हिशोब बरोबर, पण कॅन कशाचा होता?

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचे पत्र आले आहे. ग्रास कटर आणि फवारणी पंपासाठी त्यांनी पडवीत पेट्रोल ठेवले होते. पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे दोन प्लास्टिक कॅन, एक भरलेला, दुसऱ्यात पाचेक लिटर. आग लागली आणि पडवीसह स्वयंपाकघराचे छप्पर गेले. विमा कंपनीने ‘विनापरवाना पेट्रोलचा साठा’ एवढे एकच कारण देऊन दावा नाकारला, त्याला 22 महिने झाले. 30 लिटरपर्यंत परवाना लागत नाही, मग दावा नाकारला कसा, असा त्यांचा प्रश्न आहे. थोड्याफार फरकाने हाच प्रश्न अनेकांचा असतो.

30 लिटरचा आकडा बरोबर आहे. पेट्रोलियम कायदा, 1934 च्या कलम 8 प्रमाणे विक्रीसाठी नसलेले ‘अ’ वर्गाचे पेट्रोलियम, म्हणजे 23 अंश सेल्सिअसच्या खाली ज्याची वाफ पेट घेते असे, एकूण 30 लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येते. मोटरसायकलच्या किंवा पंपाच्या टाकीतले पेट्रोल त्यात धरत नाहीत. शिवाय कलम 9 प्रमाणे वाहनाच्या किंवा स्थिर इंजिनाच्या मालकाला त्या यंत्रासाठी टाकीबाहेरही 100 लिटरपर्यंत ठेवता येते, मात्र यंत्रे कितीही असली तरी त्याच्या वर जाता कामा नये. तुमचे 25 लिटर 30 लिटरच्या सुटीतच बसते.

पण तुम्ही पहिल्याच पोटकलमाशी थांबलात. दुसरे पोटकलम म्हणते की असे पेट्रोल घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात ठेवावे. काच किंवा चिनी माती असेल तर भांडे 1 लिटरपेक्षा मोठे नको, धातूचे असेल तर 25 लिटरपेक्षा मोठे नको. पाण्याचा प्लास्टिक कॅन यात कुठेही बसत नाही. तुमचे प्रकरण याच पोटकलमावर तरेल किंवा बुडेल. कंपनीचा वकील म्हणेल, भांड्याची अट मोडली म्हणून सूट गेली, सूट गेली म्हणून परवाना हवा होता, आणि तो नव्हता. आपले उत्तर असे की परवान्याची गरज प्रमाणावरून ठरते आणि भांड्याची अट वेगळी आहे. ती मोडल्याचा ठपका वेगळा येईल, पण त्यामुळे साठा ‘विनापरवाना’ होत नाही. ग्राहक आयोग कोणते म्हणणे उचलून धरेल याची हमी देता येत नाही. मला दुसरे पटते.

म्हणूनच नकारपत्रातले ते एकच कारण तुमच्या हातातला सर्वांत मोठा मुद्दा आहे. नकारपत्रात न दिलेले कारण विमा कंपनीला नंतर खटल्यात पुढे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या सौराष्ट्र केमिकल्स निकालात स्पष्ट केले आहे. तुम्हाला आलेल्या नकारपत्रात कॅनचा उल्लेखही नाही. असे असताना कंपनीला पाठवायचा जो नवा ई-मेल तुम्ही सोबत जोडला आहे, त्यात कॅनचे वर्णन आहे, शिवाय ‘पेट्रोल पंप लांब असल्याने शेजाऱ्यांनाही पैसे घेऊन देतो’ हे वाक्य आहे. तो पाठवू नका. फेरविचाराच्या निमित्ताने कंपनी दोन नवी कारणे घालून दुसरे पत्र काढेल, आणि ‘विक्रीसाठी नसलेले’ या शब्दांवरच तुमची सूट उभी आहे. आयोगापुढे विचारले तर खरे तेच सांगायचे. शेजाऱ्याला अडीनडीला लिटरभर देऊन तेवढेच पैसे घेणे ही विक्री ठरते का, यावर वाद घालता येईल. पण आपण होऊन कंपनीच्या हाती लेखी कबुली कशासाठी द्यायची?

आता मुदत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीला 2 वर्षे मिळतात. ती नकारपत्रापासून मोजतात, तुमच्या शेवटच्या ई-मेलला आलेल्या उत्तरापासून नाही. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. विमा लोकपालाकडे जाण्याचे 1 वर्ष तुम्ही ई-मेल पाठवण्यातच घालवलेत, याचा मला मनापासून राग येतो, कारण तो मार्ग बिनखर्चाचा होता. उरलेल्या 2 महिन्यांतला एकही दिवस वाया घालवू नका. तक्रार सिंधुदुर्ग जिल्हा आयोगातच करता येते. हप्त्यापोटी भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. कंपनीला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. त्यानंतर उत्तर घेऊ नये असा अर्ज त्याच तारखेला द्या. निकाल 3 महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. तेवढी तयारी ठेवा.

नुकसान तपासणाऱ्या विमा सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत आजच लेखी मागा. आग कुठून सुरू झाली याबद्दल त्यात काय म्हटले आहे, ते पाहावे लागेल. तुम्ही म्हणता सुरुवात इन्व्हर्टरच्या वायरीतून झाली आणि कॅन नंतर पेटला. तसे असेल तर कॅन हे आगीचे कारण नव्हते. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. पाण्याच्या कॅनचे झाकण वाफ अडवत नाही, ती जमिनीलगत सरकत जाते आणि इन्व्हर्टरच्या ठिणगीलाही पेटते. हवेत साधारण दीड टक्का वाफही त्याला पुरते. फोटोंत कॅन कसा वितळला आहे, वायरीचे तांबे कुठे गोळा झाले आहे, हे जाणकाराला दाखवा. पोलिसांची अकस्मात जळीताची नोंद, पंचनामा आणि पेट्रोलच्या पावत्याही लागतील. बादल्यांनी पाणी मारल्यामुळे आग पसरली, हेही अहवालात असू शकते. पेट्रोल पाण्यावर तरंगते, म्हणून तसे झाले असेल. घाबरलेल्या माणसाच्या त्या कृतीवरून दावा बुडेल असे वाटत नाही. ग्रास कटर आणि पंप घराच्या पॉलिसीत येतात का, हे मात्र पॉलिसीचा तक्ता बघूनच ठरेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की आता पेट्रोल लाकडांच्या खोपीत, पुन्हा तसल्याच कॅनमध्ये ठेवता. ते आधी बंद करा. रबरी वायसरच्या घट्ट झाकणाचा 20 लिटरचा धातूचा जेरीकॅन घ्या. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोने, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, मान्यता दिलेला मिळाला तर तोच. तो काठोकाठ भरू नका. तापमान 20 अंशांनी चढले तर 20 लिटर पेट्रोल सुमारे 400 मिलीलिटरने फुगते. पेट्रोल पंपावर भरताना कॅन गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवा आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून धरा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही. साठा घरापासून सुटा, सावलीत, खालून वारा खेळेल अशा जागी ठेवा. जवळ चूल, फ्रीज, इन्व्हर्टर नको. ग्रास कटरमध्ये गरम असताना पेट्रोल ओतू नका, आधी 10 मिनिटे थांबा. ऑइल मिसळलेले पेट्रोलही ‘अ’ वर्गातच येते. कोरड्या पावडरचे एक अग्निशामक आणि वाळूची बादली हाताशी असू द्या. जुने प्लास्टिक कॅन रिकामे दिसले तरी आत वाफ असते, त्यांना वेल्डिंग किंवा आगीजवळ नेऊ नका.

आणि नकारपत्राचे पाकीट जपून ठेवा. पत्र हातात कधी पडले, हे त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून दाखवता येईल.