शंभराचे साडेबारा, साडेबाराचे सव्वाअकरा

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि नेटवर्क

प्रश्न : इंदिरानगरमध्ये घरी १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन घेतला आहे. स्पीड टेस्ट ९४ दाखवते. विंडोजवर मोठी फाइल उतरवताना मात्र आकडा सव्वाअकरा एमबीच्या वर जात नाही. कंपनी फसवते आहे का?

नाही. तुम्हाला पूर्ण वेग मिळतो आहे. लाइन विकणारे आणि स्पीड टेस्ट बिट मोजतात (१ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट), फाइल उतरवणारे सॉफ्टवेअर बाइट मोजते. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० चे झाले १२.५. इंग्रजी स्मॉल बी म्हणजे बिट आणि कॅपिटल बी म्हणजे बाइट असा संकेत आहे खरा, पण जाहिरातींत तो सर्रास मोडला जातो. त्यामुळे अक्षरावर विसंबू नका, आकडा कोण दाखवते आहे ते पाहा.

आता साडेबाराचे सव्वाअकरा कसे होतात ते पाहू. माहिती तारेवरून पॅकेटांत जाते. पूर्ण भरलेले पॅकेट इथरनेटच्या तारेवर १,५३८ बाइटची जागा अडवते, त्यात तुमच्या फाइलचे बाइट १,४६०, बऱ्याचदा १,४४८. बाकी जागा पत्ते, क्रमांक, तपासणीची बेरीज आणि दोन पॅकेटांमधले सक्तीचे अंतर यांत जाते. द्राक्षाची पेटी काट्यावर ठेवली की पुठ्ठा आणि कागदही तोलला जातो, तसेच हे. सुमारे ६ टक्के इथे गेले : ११.८ उरले, म्हणजेच बिटांत ९४. वर विंडोज १०,४८,५७६ बाइटला एक एमबी म्हणते, प्लॅनवाले १०,००,००० ला. ११.८ ला १.०४८६ ने भागा, सव्वाअकरा येतात.

रोजच्या अंदाजाला सरळ १० ने भागावे. १०० च्या लाइनवर ४ जीबीची फाइल सहा ते सात मिनिटांत उतरते. त्याहून बराच वेळ लागला तर आधी वायफाय बाजूला ठेवून केबलने तपासा. समोरचा सर्व्हरही संथ असू शकतो.

प्रश्न : गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात ३०० चा प्लॅन केला, तरी केबलवर स्पीड टेस्ट ९४ च दाखवते. राउटर गिगाबिटचा आहे.

९४ हा आकडा दिसला की प्लॅनपेक्षा केबलवर संशय घ्यावा. १०० ची इथरनेट लिंक आपले पॅकेटांचे सामान वजा करून बरोबर एवढेच देते. गिगाबिटला, म्हणजे १,००० एमबीपीएसला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात (पिन १, २, ३, ६). निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली, गंजली किंवा क्रिम्प (टोकाला दाबून बसवलेला प्लग) नीट बसली नाही, तर दोन्ही टोकांची उपकरणे बहुधा मुकाट्याने १०० वर उतरतात. इंटरनेट चालू राहते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट उघडून लिंक स्पीड पाहा. तिथे १००/१०० असेल तर दुसरी चांगली पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली तयार केबल) लावून बघा. लिंक १,००० वर गेली की दोष जुन्या केबलचा. तरीही १०० च राहिली तर मधला स्विच आणि कॉम्प्युटरचा लॅनपोर्ट कितीचा आहे ते पाहा. दोन्ही टोके नव्याने क्रिम्प करायची तर क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जुन्या वायरिंगमध्ये एकाच केबलच्या दोन जोड्यांवर एक आणि उरलेल्या दोनवर दुसरा कॉम्प्युटर चालवलेला सापडतो. तिथे क्रिम्पिंगने काही होणार नाही, दुसरी केबल ओढावीच लागेल.

प्रश्न : अंबडमध्ये आमची टूलरूम आहे. जुन्या व्हीएमसीवर (प्रोग्रॅमवर चालणारे मिलिंग मशीन) कॉम्प्युटरमधून आरएस-२३२ या सीरियल केबलने ड्रिप फीड करतो, म्हणजे प्रोग्रॅम थोडा थोडा पाठवत मशीन चालवतो. ९,६०० बॉडला (सेकंदाला ९,६०० बिट) ८ ने भागून सेकंदाला १,२०० अक्षरे धरली आहेत. डायच्या फिनिशिंगला १,००० चा फीड (टूल सरकण्याचा वेग, मिनिटाला मिलिमीटरमध्ये) दिला तरी मशीन अडखळत चालते आणि पृष्ठभागावर खुणा उठतात.

इथे ८ ने भागणे मुळातच चुकीचे आहे. सीरियल लाइनवर प्रत्येक अक्षराच्या आधी एक स्टार्ट बिट आणि नंतर स्टॉप बिट जातो. ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडण्याचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट अशी मांडणी असेल तर अक्षरामागे १० बिट, म्हणजे ९६० अक्षरे. तुमच्या कंट्रोलवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकावर, ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट असतील (फानुक कंपनीच्या जुन्या कंट्रोलवर हे नेहमी दिसते) तर ११ बिट, म्हणजे जेमतेम ८७२.

एक्स, वाय, झेड तिन्ही आकडे असलेली फिनिशिंगची एक ओळ साधारण २४ अक्षरांची. ९६० ला २४ ने भागले की सेकंदाला ४० ओळी. कॅममधून (मशीनचा प्रोग्रॅम तयार करणारे सॉफ्टवेअर) प्रत्येक ओळ ०.१ मिलिमीटरची निघत असेल तर सेकंदाला ४ मिलिमीटर, मिनिटाला २४०. तुम्ही मागता १,०००. टूल पुढच्या ओळीची वाट पाहत जागीच घासतो, खुणा त्यामुळे उठतात. फीड आणखी वाढवून काही मिळणार नाही.

पहिला उपाय फुकटचा आहे : पोस्ट-प्रोसेसरमधून (कॅमचा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत लिहिणारा भाग) ओळींचे एन-क्रमांक आणि मोकळ्या जागा काढा. ओळीमागे ८ ते १० अक्षरे त्यातच जातात. कंट्रोल घेत असेल तर सरळ तुकड्यांऐवजी जी-०२, जी-०३ या आज्ञांच्या कमानी वापरा आणि कॅमचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कामाला हवा तेवढाच ठेवा. मग बॉड वाढवा. ३८,४०० वर, १० बिटांच्या मांडणीत, १६० ओळी आणि मिनिटाला ९६० मिलिमीटर मिळतात, तेही कंट्रोलला तेवढ्या ओळी वाचता येत असतील तर. अगदी जुन्या कंट्रोलची स्वतःची मर्यादा त्याआधीच लागते.

बॉड एकदम वाढवू नका. आधी १९,२००, मग ३८,४००, आणि प्रत्येक वेळी टूल जॉबच्या वर ठेवून हवेत पूर्ण प्रोग्रॅम चालवा. दोन्ही बाजूंची सेटिंग तंतोतंत सारखी हवी. फानुकवर ८५ चा अलार्म आला तर बॉड, पॅरिटी, स्टॉप बिट पुन्हा जुळवा आणि केबल बघा : शिल्ड असलेली, १५ मीटरच्या आत, मोटर आणि ड्राइव्हच्या तारांपासून दूर. ८७ आला तर कंट्रोलने थांबायला सांगूनही अक्षरे येत राहिली आहेत. एक्सऑन-एक्सऑफ (पाठव आणि थांब असे इशारे) दोन्हीकडे चालू आहे का ते तपासा. यूएसबी कन्व्हर्टर किंवा कॉम्प्युटरचा पोर्ट स्वतःच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) अक्षरे साठवून ठेवतो, ती थांबण्याचा इशारा आल्यावरही बाहेर पडतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉमपोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये पाठवण्याचा बफर कमीत कमी करून हा त्रास बऱ्याचदा जातो.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ८ कॅमेरे आणि २ टीबीची डिस्क आहे. निदान १५ दिवसांचे रेकॉर्डिंग हवे, पण सहाव्या दिवशीच जुने पुसले जाते. प्रत्येक कॅमेरा ४ एमबीपीएसवर आहे.

एक आकडा लक्षात ठेवा : १ एमबीपीएस चोवीस तास चालले की १०.८ जीबी होतात. ८ कॅमेऱ्यांचे ३२ एमबीपीएस, म्हणजे रोजचे ३४५.६ जीबी. २,००० जीबी पावणेसहा दिवसांत संपतात. डिस्क बिघडलेली नाही. रेकॉर्डर २ टीबीला १,८६३ जीबी दाखवत असेल तर तेही बरोबर, ते मघाच्या १०,४८,५७६ च्या पद्धतीने मोजणे झाले.

१५ दिवसांसाठी कॅमेऱ्यामागे दीड एमबीपीएस बसते. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ते १,५३६ असे, केबीपीएसमध्ये भरावे लागेल. कॅमेरे एच-२६५ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) चे असतील तर १०८० च्या चित्राला सेकंदाला १५ फ्रेमवर एवढ्यात काम भागते. फक्त गेटचा आणि वजनकाट्याचा कॅमेरा २ एमबीपीएसवर ठेवा, तिथे गाडीचा नंबर वाचता यायला हवा. त्या दोघांचे जास्तीचे १ एमबीपीएस आतल्या गल्लीतल्या कॅमेऱ्यांतून कमी करा. बिटरेटचा प्रकार व्हेरिएबल (बदलता) असेल तर भरलेला आकडा कमाल मर्यादा असते, रात्री हालचाल नसताना जागा वाचते आणि दोन-चार दिवस वरचे मिळू शकतात.