ज्वारीला मायकोरायझा देताय? आधी स्फुरदाचा हिशोब बघा

पहिल्यांदाच मायकोरायझा वापरताय, तर पुडी फोडण्याआधी माती परीक्षणाचा कागद काढा. मायकोरायझा म्हणजे पिकाच्या मुळांशी जोडीने राहणारी बुरशी; ती जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. ज्वारीला स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की तिची मुळं स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं द्रव्य मातीत पाझरतात. ते अत्यल्प लागतं, पण त्याची चाहूल लागताच बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटतात आणि ते मुळाकडे वळतात. २००५ साली जपानी संशोधकांनी हे दाखवून दिलं. मग बुरशी स्फुरद आणून देते, पीक तिला साखर आणि स्निग्ध पदार्थ पुरवतं. रोख व्यवहार!

आता तुम्ही पेरणीलाच डीएपी हे स्फुरदाचं खत भरभरून दिलं तर झाडाला गरजच उरत नाही, स्राव आटतो आणि पुडीचे पैसे मातीत. मीही दोन हंगाम हेच केलं. स्फुरद बंद करू नका, अहवालाप्रमाणे द्या. मायकोरायझा बियाण्याजवळच पडू द्या, वर फेकून उपयोग नाही. बीजप्रक्रियेचं बुरशीनाशक त्याला चालतं का, हेही विचारून घ्या.

एक गोम आहे. हाच स्राव टारफुल्याच्या, म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या परजीवी तणाच्या, बियांनाही जागं करतो. स्ट्रायगोलॅक्टोन हे नावही त्याच्या ‘स्ट्रायगा’ या शास्त्रीय नावावरूनच पडलंय. त्याचं बी धुळीसारखं बारीक, जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. तेव्हा ज्या रानात तो दिसतो तिथे फुलावर येण्याआधी उपटाच.